पाळण्यातला वरवंटा

काळेवाडी, ७ ऑगस्ट १९७४

प्रिय सौ. वत्सलेस अनेक आशीर्वाद.

मी मजेत आहे, झोपही लागते. तुझ्या पायांची सूज उतरली का? डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते नीट लिही. नुसतं 'बरं आहे' मला पुरत नाही.

कंपनीतल्या खोक्यांच्या फळ्यांचा पाळणा केला आणि हौसेनं टांगला. घरमालकीण मंजुळाबाई ओरडल्या, "रिकामा पाळणा वाऱ्यानं हालतोय, चांगलं न्हाई!" उतरवायचा धीर होईना. मग बारशाला बाळाआधी ठेवतात तसा आपला वरवंटा आत निजवला. तेव्हापासून चटणी बंद.

तुझी सुखरूप सुटका झाल्याचं कळव, म्हणजे त्याचीही होईल. तोवर शिफ्टला जाताना त्याच्या अंगावर पांघरूण घालून जातो. हसू नकोस.

तुझाच,
मुरलीधर