दाजींच्या घोंगडीच्या मेंढ्या

पुंडलिकनगर,
छत्रपती संभाजीनगर.
रविवार

तीर्थस्वरूप दाजी यांच्या चरणी,

कडुबाचा साष्टांग नमस्कार. (एरवी हा शब्द मी सवयीनं लिहितो. या वेळी आधी खरोखर घातला, मग लिहिला. बराच वेळ पालथा पडलेला पाहून द्वारका म्हणाली, "उठा आता, मला फरशी पुसायची हाय," म्हणून उठून लिहायला बसलो.) आक्कालाही नमस्कार आणि आमचा भाचा, नवरदेव शिवमला आशीर्वाद. तुमचे डोळे कसे आहेत? इथं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टर म्हणाले होते की आता दाजींना मुंगीच्या पायातले वाळेही दिसतील. तेव्हा मला त्याचा फार आनंद झाला होता. आता त्या नव्या नजरेनं तुम्हाला पहिलं वाचायला मिळतंय ते माझं हे पत्र, याचं वाईट वाटतं. मेंढ्यांची ख्यालीखुशाली कळवा. (मेंढी हा शब्द लिहिताना माझा हात अडखळतो. का, ते पुढं येईल.)

तुम्ही म्हणाल, फोन असताना पत्र कशाला? दाजी, फोन मी केला होता. एकदा नाही, बऱ्याचदा. पण तुम्ही पलीकडून "बोल कडुबा" म्हणता आणि माझी दातखीळ बसते. मग मी पाऊस कसा आहे ते विचारतो. परवा मी पावसाचं विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "आरं, मार्गशीर्ष लागत आला, आता कशाचा पाऊस?" त्यावर मी "व्हय व्हय" म्हणून फोन ठेवला. तर जे तोंडानं निघत नाही ते कागदावर लिहितो. कागदाला निदान माझं तोंड दिसत नाही.

सुरुवात कॉलेजापासून झाली. म्हणजे कोलाजापासून. आमच्या इथल्या वाचनालयाच्या हॉलमध्ये ज्येष्ठ नागरिकांसाठी 'टाकाऊतून टिकाऊ' असं शिबिर निघालं. घरातल्या निरुपयोगी वस्तू आणायच्या, कापायच्या, पुठ्ठ्यावर चिकटवायच्या आणि चित्र करायचं, याला कोलाज म्हणतात. मी द्वारकेला म्हणालो, मी कोलाजला चाललो. तिला ऐकू आलं कॉलेजला. तिनं ते आक्काला सांगितलं, आक्कानं तुम्हाला सांगितलं आणि तुम्ही गावभर सांगितलंत की आमचा मेव्हणा म्हातारपणी कॉलेजात गेला. त्याबद्दल गावातून दोघा-तिघांचे अभिनंदनाचे फोन आले. मी ते घेतले. खुलासा केला नाही. माझ्या घसरणीची ही पहिली पायरी समजा.

एसटीच्या वर्कशॉपात जन्मभर मी बसच्या सीटा कापल्या आणि शिवल्या. निवृत्त झाल्यापासून हातात कातर नाही, त्यामुळं बोटं शिवशिवतात. (द्वारकेनं एकदा कोथिंबीर निवडायला दिली, तर मी ती सगळी एका मापाची कापून ठेवली. पुन्हा दिली नाही.) शिबिरात पहिल्याच दिवशी माझी कातर चालताना पाहून आमच्या अक्षदा मॅडम सगळ्यांना म्हणाल्या, "काकांकडं बघा, किती स्वच्छ कापतात!" दाजी, इतक्या वर्षांत माझ्या सीटेवर लाखो माणसं बसली असतील, पण उठताना कुणी मागं वळून सीटेचं कौतुक केलं नव्हतं. मला ते कौतुक चढलं. मग मी घरातलं एकेक सामान नेत सुटलो. कॅसेटच्या फितीची नदी केली, टूथपेस्टची ट्यूब उलटी करून तिचा चंद्र केला, फुटक्या बांगड्यांचं शेत केलं. ऑपरेशननंतर तुमच्या डोळ्यावर होती ती हिरवी पट्टी सापडली, तिची बाभळ केली. तुमच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्यांचे पाण्याचे हंडे झाले. चिकटवायला विकतचा गोंद न वापरता आपल्या आईच्या पद्धतीनं चिंचोक्याची खळ शिजवली, तर मॅडमनी सगळ्या वर्गाला माझ्या पातेल्याभोवती उभं करून फोटो काढले. अशा वेळी माणसाचं डोकं जागेवर राहत नाही.

मॅडमनी टाकाऊची व्याख्या सांगितली होती, की ज्या वस्तूला वर्षभर घरात कुणाचा हात लागला नाही ती टाकाऊ. (त्या हिशोबानं घरातली पहिली टाकाऊ वस्तू मीच, पण मला पुठ्ठ्यावर चिकटवता येत नव्हतं.) मी माळ्यावर चढलो. तिथं कडुलिंबाच्या पाल्यात गुंडाळलेलं एक काळं गाठोडं होतं. आमची एक जुनी घोंगडी आहे, पूर्वी उन्हाळ्यात पाण्याच्या टाकीवर टाकायचो ती. मला वाटलं तीच. खाली आणली, शिबिरात नेली आणि कापायला घेतली.

दाजी, ती तुमची होती.

तुमच्या वडिलांनी स्वतःच्या कळपाची लोकर देऊन विणून घेतलेली. गावात भांडण झालं की ज्या घोंगडीवर बसून ते दोन्ही बाजू ऐकायचे आणि भांडण मिटलं की ज्यानं चुकी केली त्याला "ये, घोंगडीवर बस" म्हणायचे, ती. तुमच्या घरी जागरणाला देवाचा चौक भरायचा तो तिच्यावरच. ऑपरेशनला येताना तुम्ही ती खांद्यावर टाकून आला होतात आणि जाताना उन्हाळा होता म्हणून ठेवून गेलात. "शिवमच्या जागरणाला येताना घेऊन ये, तवर तुझ्याकडं सांभाळ," असं मला म्हणालात. द्वारकेला नाही, मला. ती मी सांभाळली. कातरीनं.

काय कापलं ते ऐका. मेंढ्या कापल्या. लोकर मेंढीची, घोंगडी लोकरीची आणि मी घोंगडीच्या पुन्हा मेंढ्या केल्या. असा उलटा धंदा आपल्या सात पिढ्यांत कुणी केला नसेल. मोठ्या मेंढ्या, बसलेल्या मेंढ्या, कोकरं, एक एडका आणि कळपाच्या कडेला एक कुत्रं. चित्राला नाव दिलं 'आमचा वाडा'. आपल्यात वाडा म्हणजे मेंढरं बसतात ती जागा, पण शिबिराच्या शेवटी भरलेलं प्रदर्शन बघायला आलेली मंडळी चित्रात दिंडीदरवाजा शोधत होती. एका गृहस्थांनी तर वाडा विकला का म्हणून हळहळून विचारलं. तरीही पहिला नंबर माझाच आला. स्टेजवर बोलावलं, माईक हातात दिला आणि विचारलं की काका, ही इतकी सुंदर जुनी लोकर कुठून मिळाली? मी माईकवर म्हणालो, "घरातलीच हाय, टाकाऊ." लोकांनी टाळ्या वाजवल्या. दाजी, तुमच्या वडिलांच्या घोंगडीला मी भर सभेत टाकाऊ म्हणालो. रोज जेवायला बसलो की त्या टाळ्या ऐकू येतात.

द्वारका पहिल्या रांगेत होती. कार्यक्रम झाल्यावर ती चित्राजवळ गेली आणि बराच वेळ कुत्र्याकडं बघत राहिली. त्या कुत्र्याला एक डोळा आहे, बोट जाईल एवढा गोल, कडा जळलेल्या. तुमच्या लग्नाच्या जागरणात आक्काच्या हातातल्या दिवटीची ठिणगी पडून घोंगडीला भोक पडलं होतं, ते तुम्हाला आठवत असेल. द्वारकेलाही आठवत होतं. ती म्हणाली, "आवो, ही दाजींची घोंगडी नव्हं?" मी म्हणालो, नाय. ती म्हणाली, "मग हे कुत्रं मला वळखतंय कसं?" घरी येताना रिक्षात तिच्या मांडीवर चित्र होतं आणि माझ्या मांडीवर ट्रॉफी.

इथं मी लगेच तुम्हाला कळवायला हवं होतं. त्याऐवजी मी शहागंजच्या बाजारात गेलो. तशीच घोंगडी मिळाली तर तुम्हाला काही कळणार नाही, असा माझा बेत होता. (लिहिताना लाज वाटते, पण लिहितो.) दुकानदारानं आधी वाघाचं चित्र असलेली ब्लँकेटं दाखवली. मी घोंगडीच पाहिजे म्हणालो, तर त्यानं आतून एक काळी घोंगडी काढली आणि म्हणाला, "असली ऊन है चचा, बेफिकर लेके जाओ." मी नेली. घरी अंगावर घेतली तर चट्चट् आवाज आला आणि डोक्यावर उरलेले केस उभे राहिले. असली ऊन म्हणजे खरी लोकर असं करत नाही, हे मला कळायला हवं होतं. आपण लोकरीतच जन्मलो ना!

तरी मी हार मानली नाही. घोंगडी नवी दिसते म्हणून चहाच्या पाण्यात बुडवली. वास येत नाही म्हणून पडेगावला नेली. तिथं दौलताबाद रोडच्या कडेला आपल्यातल्या बद्रीनाथचा वाडा बसला होता. त्याला म्हणालो, एवढी घोंगडी मेंढरांखाली टाक, जरा वास लागू दे. तो हसून खाली बसला. म्हणाला, "मामा, मेंढराला लोकर नवी नसती, पर हे काय आणलं तुमी?" मेंढरं घोंगडीला वळसा घालून पलीकडं जाऊन बसली. एक कोकरू तेवढं वर चढलं आणि मुतून उतरलं. ती ओली घोंगडी घेऊन मी सिटी बसनं परत आलो. बसमध्ये माझ्या शेजारची सीट शेवटपर्यंत रिकामी राहिली.

द्वारकेनं दारातच अडवलं. म्हणाली, "ही खोटी घोंगडी दाजींच्या हातात देणार? आन् तिच्यावर देवाचा चौक भरणार? शिवमचा संसार असल्या घोंगडीवर सुरू करणार तुमी?" ते कोकरूही तिच्याच बाजूचं निघालं.

मग जे आधीच करायला हवं होतं ते केलं. खळ पाण्यात सुटते, म्हणून चित्र भिजत घातलं. आमच्याकडं नळाला पाणी कसं येतं ते तुम्ही इथं राहून पाहिलंय. साठवलेल्या पाण्यातलं अर्धं पिंप द्वारकेनं त्याला दिलं. मेंढ्या एकेक करून सुटल्या. त्या दोरीवर वाळत घातल्या तर शेजारच्या मुलीनं विचारलं की आजोबा, तुम्ही बाहुल्यांचे कपडे शिवता का? आम्ही दोघं समोरासमोर बसून ते तुकडे जोडतोय. मेंढीचं तोंड दुसरीच्या पाठीला, एडक्याची शिंगं कोकराच्या पोटाला, असं जिथं बसेल तिथं. सीटा शिवताना कधी इतका जीव लावला नव्हता.

तर दाजी, असा हा प्रकार आहे. दोन्ही घोंगड्या काळ्या, माळ्यावर अंधार आणि माझीही नजर अलीकडं अधू झालेली. ते भोक मला त्या वेळी दिसलंच नाही. तुमच्याच डॉक्टरांना डोळे दाखवावेत असं म्हणतो. अनवधानानं घडलेल्या चुकीला मोठ्या मनानं क्षमा करावी. आक्काला हे पत्र तुम्ही आधी वाचून मग द्यावं, कारण तिचा हात मला लहानपणापासून माहीत आहे.

तुमचा, मान खाली गेलेला मेव्हणा,
कडुबा

ता. क. घोंगडी शिवून झाली. पण भिजून ती आटली आणि मेंढ्यांच्या पायांमधली कातरणं घंटागाडीत गेली ती गेलीच. त्यामुळं आता तिच्यावर चौक भरला की शेजारी एकच माणूस बसेल. तळी उचलायला पाच जण लागतात. तेव्हा तुम्ही बसा, बाकीच्यांना सतरंजी टाका. मी उभा राहीन.

ता. क. दुसरा. द्वारकेनं पत्र वाचलं. ती म्हणाली, "भोक दिसलं नाय म्हणता, मग त्याचा डोळा करायचा ते कसं दिसलं?" मी तो मजकूर खोडणार होतो, पण ती म्हणाली, राहू द्या, खाली खरं लिहा. तर खरं लिहितो. माझे डोळे चांगले आहेत. तिसरी मेंढी कापत होतो तेव्हा ते भोक माझ्या बोटाखाली आलं आणि ही कुणाची घोंगडी ते मला कळलं. तोवर एकच कोपरा गेला होता, बाकीची सगळी धड होती. घडी घालून उठता आलं असतं. पण मॅडम मागं उभ्या होत्या, चार माणसं गोळा झाली होती आणि मॅडम म्हणत होत्या, "बघा, काकांचा हात कसा चालतो." मी हात थांबवला नाही. एवढंच आहे, दाजी. चूक नव्हती ती.

ता. क. तिसरा. जागरणाला आम्ही येतोय. द्वारका घोंगडी घेऊन पुढं येईल, मी मागून येईन आणि वाड्याच्या बाहेर थांबेन. आक्का मला आत बोलवेल, ते मला माहीत आहे. ती बहीण आहे, ती बोलवणारच. दाजी, तुम्ही बोलवा.