कोऱ्या पाठीचा कागद

सांगली,
गुरुवार, १५ जानेवारी १९७६

ती. रंगुआक्काला,
धाकट्या अर्जुनाचा पाया पडून नमस्कार.

मी इकडं बरा आहे. तिकडची खुशाली कळव असं लिहायची रीत आहे, पण तुझी खुशाली मला माहीत आहे, म्हणून विचारत नाही. काल संक्रांत झाली. तुझ्या हातचा तिळगूळ पहिल्यांदाच चुकला. इथं बादशहाभाईच्या छापखान्यात उतरलोय. महेजबीनभाभी दोन्ही वेळा जेवायला वाढतात. शाईचा वास इतका की भाकरीलाही तोच येतो. आयर्विन पुलाखाली एकजण माकडाला सायकल शिकवत होता, दुपारभर तेच बघत बसलो. असो.

दाजींना लष्करात पत्र धाडलंस का? धाडलं नसशील तर थांब, आधी हे वाच. आणि दुसऱ्या कुणाकडनं वाचून घेऊ नको. तू चौथी शिकलीस, वेळ लागला तरी तूच लाव.

फडाचंच लिहायचंय. दोन वर्षांमागं दाजींनी रजेत पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रातनं लागणीसाठी नवं बेणं आणलं, तू ते लेकरासारखं वाढवलंस. महिनाअखेरीला सगळ्या वस्तीची उसाची लागण त्यातनं व्हायची होती. तू सासूबाईंचे डोळे दाखवायला मलकापूरला गेलीस आणि त्याच दिवशी कारखान्याची ऊसतोड टोळी तोडीची चिठ्ठी घेऊन आली. चिठ्ठी असली की टोळी कुणाला विचारत नाही. चार वाजता बेणं गाड्यांत, दुसऱ्या दिवशी गाळून साखर. तू आलीस तर शेतात नुसतं पाचट.

वस्ती म्हणते केरबानं केलं. तोडीच्या ऑफिसात फोन तो घेतो, चिठ्ठी तो काढतो, आणि विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरनं त्याचं नि दाजींचं वाकडं. तुलाही तेच वाटतं.

आता कारखान्याच्या नव्या कागदाचं सांगतो. पूर्वी मी उंब्रजच्या गट ऑफिसातनं केरबाला फोनवर सरळ सांगायचो, अमक्याच्या विहिरीवरचा फड, बेण्याचा आहे, हात लावू नका. शेतकीसाहेबांना ते पसंत नव्हतं. मी एक हंगाम नगरकडच्या कारखान्यात काढला होता, तिथला छापील कागद माझ्या पेटीत होता. त्यात नुसत्या चौकटी. गावाला आकडा, शेताला आकडा, उसाच्या प्रकाराला आकडा. फोनवर आकडे वाचले की काम झालं. साहेब खूश. म्हणाले, "हाच छापून आण. पण पाठीमागं त्यांच्या आकड्यांची यादी आहे, ती आपल्या तोडीच्या ऑफिसातल्या भिंतीवरच्या यादीशी ताडून बघ. फरक असला तर मला दाखव, मगच छापायला दे."

उंब्रजहून सांगलीला निघालेला माणूस औंधला कसा पोचतो ते मला विचारू नको. कुस्त्या होत्या. दोन दिवस गेले. सांगलीत आलो तर हंगाम तोंडावर. बादशहाभाई म्हणाला, "अर्जुनराव, पाठ पण छापायची का?" यादी ताडायला परत ऑफिसात जावं लागलं असतं. मी म्हणालो, "पाठ सोडा कोरी, यादी हाय आमच्या भिंतीवर."

साहेबांनी विचारलं तेव्हा सांगितलं, ताडून बघितली, सगळं सारखं आहे.

सारखं नव्हतं, आक्का. नगरकडं तीन म्हणजे बेणं, तोडायचं नाही. आपल्या भिंतीवर तीन म्हणजे खोडवा, तुटलेल्या उसाचा फुटवा, आणि खोडव्याची तोड पहिली. तुझ्या फडाचा आकडा मी लिहिला. नगरची सवय, तीन लिहिला. तुझं बेणं राखायला लिहिला, एवढं तरी खरं मान.

केरबानं फोनवर मला अडवलं होतं. म्हणाला, "तीन? नीट बघून सांग गड्या, तुझ्या दाजीचं, लालासाहेबाचं शेत हाय. उगं माझ्यावर येईल."

मी म्हणालो, "माझ्याच आक्काचं शेत हाय, मला शिकवतो व्हय? तीन म्हंजे तीन. ठेव फोन, च्या निवतोय."

त्यानं भिंतीकडं बघितलं असणार आणि चिठ्ठी काढली असणार. त्याच्या यादीप्रमाणं त्याचं बरोबर.

चौकशीत साहेबांनी मला विचारलं, "तू फोनवर काय सांगितलंस?" तू दारात उभी होतीस, पदराला डोळे पुसत. मी म्हणालो, "बेणं म्हणून सांगितलं." केरबा एवढंच म्हणाला, "तीन म्हनलास तू." भांडला असता तर बरं झालं असतं. तिथंच त्याला घरी बसवला.

दुसऱ्या दिवशी स्टँडवर त्याची बायको बनुबाई भेटली. कडेवर पोर. म्हणाली, "भावजी, तुमी तीन म्हनला का न्हाई, एवढंच सांगा. दुसरं काय मागत न्हाई." सांगलीची गाडी लागली होती. मी चढलो.

इथं आलो तो मूळ कागद हुडकायला. बादशहाभाईनं जुन्या गठ्ठ्यातनं काढून दिला आणि म्हणाला, "तवा पाठ नको झालती, आता कशाला पायजे?" मी कागद घडी करून खिशात घातला. पळून जायचं म्हणून मंगळवारी मिरजेला जाऊन पुण्याच्या गाडीत बसलो. शिट्टी झाल्यावर उतरलो. परवा उतरलो, पुन्हा उतरेन याचा मलाच भरवसा नाही.

सोमवारी अकराला कारखान्यावर बैठक आहे, केरबाला कायमचं काढायची. वस्तीवरचा मानसिंग इथं ऊस-गाडीचे टायर घ्यायला आला होता, तो म्हणाला, तू त्याच्याविरुद्ध सांगणार आहेस. पत्र शनिवारी पोचेल. तो कागद सोबत घातलाय, पाठीवरचा तिसरा आकडा वाच. माझ्याकडं ठेवला तर मी नदीत टाकीन, म्हणून तुझ्याकडं.

मी सोमवारी यायला निघणार आहे. माझं निघणं तुला माहीत आहे. अकरापर्यंत दिसलो नाही तर कागद आणि हे पत्र दोन्ही साहेबांपुढं ठेव. केरबा तुला आवडत नाही, तरी ठेव. बेणं मी परत आणू शकत नाही. दाजींना काय सांगायचं ते तू ठरव.

दारात येऊ नको म्हणालीस तर येणार नाही. पण आधी बनुबाईच्या दारात जा.

फोनवर तीन म्हणालेला,
अर्जुना