घोड्याच्या घरासमोरचं प्यादं

प्रिय अरुण,

आज संध्याकाळी सहाला तुझी वेळ संपते. तुझा फोन सकाळपासून तेच बजावतो आहे: तुमची चाल आहे. तू नाहीस, हे त्याला कोण सांगणार? म्हणून लिहायला बसले. साडेचार होत आलेत. रडायला सवड नाही.

डाव भायखळ्याच्या फ्रान्सिसबरोबरचा. वर्षभर फोनवर रोज एकेक चाल खेळलात, पण भेटला नाहीत एकदाही. डिलाईल रोडहून भायखळा असं किती लांब रे? हॉस्पिटलात तू मला म्हणालास, "ताई, प्यादं पोचलंय. एकच घर राहिलंय." मी तुला गप्प पडून राहायला सांगितलं आणि फोन माझ्या पर्समध्ये टाकला. तशीच वेळ पुन्हा आली तर पुन्हा टाकीन. पण ते एक घर अजून राहिलंय.

बाबांनी आपल्याला देशी बुद्धिबळ शिकवलं. गिरणीतून पाळी संपवून आले की पट मांडायचे. प्यादं शेवटच्या ओळीत पोचलं की ते घर ज्या मोहऱ्याचं, तेच ते होणार. हत्तीच्या घरात हत्ती, घोड्याच्या घरात घोडा. फोनवर तसं नाही. तिथे कुठल्याही घरात वजीर मिळतो. तू मात्र घोडा घ्यायचास! हातात आलेले डाव घालवायचास, समोरचे हसायचे. मी मागे उभी राहून ओरडायची, अरे वजीर घे, वजीर. तू म्हणायचास, "घोड्याच्या घरात वजीर कसा जन्माला येईल?" पस्तीस वर्षं कचेरीत काढलेल्या माणसाने असं बोलावं?

मग तू सुधारलास, पण तुझ्याच पद्धतीने. बाबांचा नियम सोडला नाहीस, प्याद्यालाच वळवायला लागलास. मारत मारत, एकेक घर तिरकं सरकवत ते वजिराच्या घरासमोर आणायचं. त्यापायी उंट दे, हत्ती दे. डाव लांबायचा, चहा गार व्हायचा. पण हरणं कमी झालं. पूर्वी तुला कोणीही हरवून जायचं. गेल्या दिवाळीत फ्रान्सिसने लिहिलं, तुमच्या प्याद्यांची आता भीती वाटते. ते तू मला दोनदा वाचून दाखवलंस. मी भाजी निवडत होते, मान वर केली नाही. ऐकलं मात्र दोन्ही वेळा.

या खेपेला प्यादं वळवायला तुला सवडच मिळाली नाही. ते घोड्याच्या घरासमोर उभं आहे.

पाच वाजता मी फ्रान्सिसना लिहिलं: अरुण गेला. मी त्याची मोठी बहीण. त्याच्या नावाने चोरून खेळणार नाही. खाली माझा नंबर दिला. लगेच फोन आला. फ्रान्सिस म्हणाले, "बाय, त्याला वेळ संपली म्हणून हरू देऊ नका. चाल तुम्ही करा. माझी ना नाही."

मी सरळ विचारलं, वजीर केला तर?

"तर मी तिथेच हार मानतो. घोडा केलात तर डाव अजून कोणाचाही आहे. मी जिंकूही शकतो." पुढे म्हणाले, "अरुणभाऊने काय केलं असतं ते मला ठाऊक आहे. पण मी सांगणार नाही."

त्यांनी सांगायची गरज होती का?

आता पावणेसहा. प्यादं पुढे सरकवलं की पडद्यावर चार चित्रं येतात: वजीर, हत्ती, घोडा, उंट. वजिरावर बोट ठेवलं की तू जिंकलास. शेवटचा डाव जिंकून गेला, असं मला चाळभर सांगता येईल. तुझ्या मागे उभी राहून मी हेच तर ओरडत होते. मग बोट का पुढे जात नाही?

कारण हरलेल्या डावानंतरही तुझा चेहरा कधी पडलेला पाहिला नाही. तो एकदाच पडला होता. माझं ऐकून तू घोड्याच्या घरात वजीर घेतलास, जिंकलास, आणि जेवताना एक शब्द बोलला नाहीस.

घेतला घोडा. झालं तुझ्या मनासारखं?

आता ऐक. हा डाव मी पुढे खेळणार. बाबांचा पट माळ्यावरून उतरवते आणि सगळी मोहरी आत्ता आहेत तशी मांडते. रविवारी फ्रान्सिस चहाला येतील, पण चहापुरतेच. चाल त्यांना विचारणार नाही. मात होईपर्यंत सोडणार नाही. आणि माझं प्यादं ज्या घरात पोचेल, त्याच घराचं मोहरं घेईन. मला ओरडायला आता मागे कोणी नाही.

तुझी,
ताई

दिलं: घोड्याच्या घरासमोरचं पांढरं प्यादं, एक.
घेतलं: घोडा, एक.
सहाला पाच मिनिटं कमी असताना.
फ्रान्सिसची पोच आली: "मिळालं. विचार करतो."