गुठळी न धरणारे जंतू

तिसगाव,
ता. ९ मे १९७३

चि. लीना हिस अनेक आशीर्वाद.

तुमच्या प्रयोगशाळेचा रिपोर्ट काल दवाखान्यात आला. पाचही नमुन्यांपुढे ‘पटकी (कॉलरा) नाही’. मग हे आहे तरी काय? दुष्काळी कामावर खडी फोडणारी माणसं पेजेसारखे जुलाब होऊन येतात आणि दुपारपर्यंत डोळे खोल जातात. चांगुणा गेली, बावीस वर्षांची. तिची सासू रंगुबाई माझा हात धरून म्हणाली, डाक्टर, सकाळी तर पाटी उचलत हुती वो.

सगळे एकाच विहिरीचं पाणी पितात. ब्लीचिंग पावडर मागितली, तर तालुक्याचे साहेब तुमचाच रिपोर्ट पुढे करतात. पटकी नाही, म्हणजे साथ नाही. तू पुण्यात बसून नक्की बघतेस तरी काय? रागावून लिहितोय, पण दुसऱ्या कोणावर रागावू? तुझी वहिनी विचारते, वेळेवर जेवतेस ना?

तुझा,
हेमदादा

पुणे,
ता. १३ मे १९७३

ती. दादास सा. न. वि. वि.

रागावलास ते बरं केलंस, मला इथे तेवढंही करता येत नाही. पाचही नमुन्यांत जंतू आहेत. स्वल्पविरामासारखे वाकडे, चपळ, हुबेहूब पटकीचे. पण पटकीच्या सीरमचा थेंब घातला की तिच्या जंतूंच्या गुठळ्या होतात, यांच्या होत नाहीत. तीनदा करून पाहिलं. गुठळी नाही तर ‘पटकी’ लिहायचं नाही, असा नियम.

हे जंतू त्याच कुळातले आहेत, पाण्याचा बंदोबस्त करावा, असं मी खाली लिहिलं होतं. आमच्या प्रयोगशाळेच्या साहेबांनी ती ओळ खोडली. म्हणाले, आपलं काम नाव सांगण्याचं, सल्ला देण्याचं नाही. म्हणून तुला इथे लिहिते: सलाईन पटकीसारखंच दे आणि विहीर बंद कर. वहिनीला सांग, जेवते, पण वेळेवर नाही.

तुझी धाकटी,
लीना

तिसगाव,
ता. २४ मे १९७३

चि. लीना हिस आशीर्वाद.

तुझं पत्र सरपंच आबासाहेबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, नाव तुमी सावकाश ठरवा, हीर आमी आजच बंद करतो. माझ्या सहीच्या चिठ्ठीवर विहिरीच्या तोंडावर काटेरी फांद्या पडल्या. आता बायका दोन मैलांवरून पाणी आणतात आणि मला तोंडावर शिव्या देतात. ऐकून घेतो. आठ दिवसांत नवा रोगी नाही. आधीपासून दाखल असलेला सहादेव मात्र हातचा गेला. सलाईन संपलं होतं, आणि साथ जाहीर नाही म्हणून जादा बाटल्या मिळाल्या नाहीत.

काल तालुक्याहून मेमो आला. विहीर कोणत्या रोगासाठी बंद केली, तीन दिवसांत खुलासा करावा. सकाळपासून चार कागद फाडले. शेवटी लिहिलं, रोगाचं नाव ठाऊक नाही. माणसं मरत होती. सही करून आत्ताच टपालात टाकलं.

तुझी माया आहेच, ती अशीच राहू दे.

हेमदादा