थोर लोकं गाणं अर्धंच सोडतात

४ फेब्रुवारी, सकाळी
नात श्रेया आली. ओतूरच्या कॉलेजात लायब्ररीत हाय ती. तिथली तबकड्यांची पेटी आन वाजवायचं मशीन कुणाला नको व्हतं, ते माझ्यापाशी आणलं. म्हणली, आजी, ऐक आन वाटंल ते लिही, महिला दिनाला आमच्या स्टेजवर बोलायचंय तुला.

चौथीतनं काढली मला, म्हशी वळायला. स्टेजवर बसायची हौस तवापासनं. आता चान्स आलाय, सोडत न्हाई.

हायकूबी शिकवला तिनं. तीन ओळी, पाच-सात-पाच अक्षरं, बोटांवर मोजायची. सोपंय.

ठरलं. रोज एक तबकडी. मन लावून. चहा न घेता.

६ फेब्रुवारी
काल लाईट नव्हती. आज सतार. चहा घेतला, पण एकच.

पाटाचं पाणी सरीत शिरावं तसा हळूहळू वाजवतो माणूस. ऐन रंगात आला आन थांबला. सून साधना म्हणली, बिघडलं वाटतं मशीन. म्या म्हणलं, बिघडलं न्हाई, थोर लोकं अर्धंच सोडतात. बाकीचं ऐकणाऱ्यानं पुरं करायचं. म्हणून केलं:

तारा थांबल्या
ओट्यावर मी एक
चहा निवला

तबकडी पुसली, जशी आली तशी तोंड वर करून पाकिटात. जेवणाचं ताट उपडं घालत न्हाईत, मग ही तर विद्या.

१३ फेब्रुवारी, दुपारी
गाणारी बाई. लई संथ. एका ओळीतच फिरती. थोरली बहीण डिंभ्याला दिली, तवा एस्टीत बसताना बोलली न्हाई, नुसती बघत व्हती. तसा आवाज. माझ्या डोळ्यांत पाणी. आन बाई मधेच गप.

बाई रुसली
सूर कांद्यांच्या रानी
हरवला गं

२२ फेब्रुवारी
रोज एक जमंना, आठवड्याला एक करू. कांदा काढणीला आलाय, त्यात माझा काय दोष.

आज इंग्रजी पिपाणीवाला. त्यानंबी अर्धंच सोडलं. म्हणजे परदेशातबी हाच नेम. शोध पक्का झाला. शेजारची लंकाबाई शेंगा फोडत बसली व्हती, इचारती, कुशे, ह्ये दरवेळी मधेच का थांबतंय गं? समजावून सांगितलं. बरं म्हणली. तिला काय कळतंय.

वाजे पिपाणी
म्हशीनं वळवली
मान तिकडं

७ मार्च
भाषण पाठ हाय. श्रेयाला शोध सांगितला न्हाई, डायरेक्ट स्टेजवर. टाळ्या थांबल्या की मगच पुढं बोलायचं, असं लिहून ठेवलंय.

८ मार्च, सांजच्याला
हॉल भरलेला. आमच्या खोडदहून लंकाबाईसकट जीपभर बाया आलेल्या. समदं बोलले. दाखला म्हणून त्या गाणाऱ्या बाईची तबकडी लावली. ती थांबली तसा हात वर केला. म्हणलं, बघा, सोडलं.

टाळ्या न्हाईत. श्रेया उठली, माझ्याकडं न बघता हळूच तबकडी उचलली आन उपडी घातली. मागनं लंकाबाईचा आवाज:

"कुशे, जन्मभर भाकरी उलटलीस की गं. ही न्हाई उलटली?"

हॉल हसला. साधना पदर तोंडात धरून हसली. मीबी हसले, जरा उशिरानं.

मग पलीकडची बाजू लागली. अगं, काय पळती ती बाई! माळावर सोडलेलं वासरू. ती रुसली नव्हतीच. पलीकडं बसली व्हती, कुणीतरी येईल म्हणून.

तिनं तिचं पुरं केलंय. माझ्या हायकूवाचून तिचं काय अडलं नव्हतं. तीनही खोडले. म्हशीचा परत लिहिला, तो बरा हाय.

पेटीतल्या समद्याच तबकड्या निम्म्या राहिल्यात. उद्यापासनं रोज एक. मन लावून. चहा न घेता.

९ मार्च, सकाळी
लाईट न्हाई. चहा ठेवलाय, दोघींचा. लंकाबाई येतीया, मागची बाजू ऐकायला.