गाडी गार होईना

प्रिय वृषाली,

तुझ्या सासरचे आले त्या दिवशी सगळ्यात पहिले तर शेजारची केसरबाईच हजर. पाहुणे बसमधून उतरले नव्हते तं ही आपल्या ओट्यावर येऊन बसली, तिले कोण सांगते काय माहीत! मग तुझ्या सासूबाई आल्या, अलकाताई, घर तपासायले आल्यासारख्या इकडेतिकडे पाहत. मागून तुझे सासरे प्रफुल्लभाऊ घाम पुसत. मले इतका आनंद माय, की चहात दोनदा साखर टाकली. माझी नात पहिल्या बाळंतपणाले सौंसरले येणार, मी पणजी होणार, अजून काय पाहिजे! चहा मात्र कोणी पूर्ण प्याला नाही.

जेवणं झाली अन् अलकाताई म्हणाल्या, पांढुर्ण्याच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना पाहून येऊ. तुझ्या बापानं गाडी काढली, मीही बसली. मे महिना, दुपारचे दोन. एसीचा पंखा घोंघावून राहिला होता, पण हवा म्हणशील तं तव्यावरून आल्यासारखी, तीही जराशीच. अर्ध्या वाटेत विहीणबाईंचं डोकं गरगरलं, तिथूनच गाडी फिरवली. उतरता उतरता म्हणाल्या, "गजाननराव, गाडी सांभाळता येत नाही, बाळंतीण काय सांभाळाल? सातव्या महिन्यातली सून मी या भट्टीत बसवणार नाही." तुझा बाप मान खाली घालून उभा. मले त्याच्याकडे पाहवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सागर मिस्त्री आला. मी अंगणातच खाट टाकून बसली, मले त्यातलं काय समजते, पण जीव थाऱ्यावर नव्हता. त्यानं बॉनेट उघडलं, पट्टा पाहिला, गॅस तपासला, पाईपले हात लावला तं थंडगार. म्हणे, "आजी, गार इथपर्यंत येऊन राहिलं, आत काहून जात नाही?" मग समोरचा कागदपत्रं ठेवायचा खण काढला, त्याच्या मागची फिल्टरची जाळी ओढली, अन् काय सांगू, जाळीवर कापसाचा बोटभर थर! आतल्या कॉइललेही चिकटलेला. हवा येणार कुठून? सागर हसून म्हणे, "भाऊ, गाडीत गादी भरली काय?" गजानन भडकला, "माझ्या गाडीत कापूस? त्याले ट्रॅक्टर आहे ना!" मी पदराचा काठ चोळत चहा ठेवायले आत उठून गेली.

सागरनं सारं साफ करून दिलं. आता गाडीत इतकं गार होते की माझे गुडघे दुखतात. पण तुझ्या बापाले कापसाचं सांगायची लाज वाटली. त्यानं अलकाताईंना फोनवर सांगून टाकलं की गॅस संपला होता, भरला. त्या काय कमी आहेत? म्हणाल्या, "गॅस भरलेले एसी मी लई पाहिले, आठ दिवसांत पुन्हा गरम. ती इथंच राहील." तेव्हापासून तुझ्या आईच्या ताटातली पोळी ताटातच राहते.

वृषाली, तो कापूस माझा. बाळ व्हायच्या आधी त्याच्यासाठी काही करून ठेवू नये, हे मीच साऱ्यांना बजावते. तुझ्या आईनं टोपडं शिवायले घेतलं तं मी दिवसभर तिच्याशी बोलली नाही. अन् मीच, तुझा बाप एका लग्नाले गेला होता तेव्हा, शेतावरच्या वामनले गाडी चालवायले लावून लोधीखेड्याले गेली, बाळाच्या गादीसाठी आपल्या शेतातला कापूस पिंजून आणला. वाटेत गठोडं सुटलं. काच उघडली तं कापूस उडते, म्हणून एसी जोरात लाव असं मीच वामनले म्हटलं, त्यानंच तो आत ओढून घेतला असेल. गादी शिवून पेटीत ठेवली आहे, हाताएवढी. तिच्यावरून हात फिरवला की हसू येते, अन् मग धस्स होते, मीच नेम मोडला म्हणून तं तुझं येणं अडलं नाही? गजाननले आज संध्याकाळी सांगते. पण तुझ्या सासूबाईंसमोर फोनवर माझी जीभ उचलत नाही, म्हणून हे वाकडंतिकडं लिहिलं. वामन उद्या नागपूरले येऊन राहिला, त्याच्या हाती देते. सासूबाईंना पूर्ण वाचून दाखव, गादीचंही. चूक म्हातारीची आहे म्हण, गजाननची नाही, अन् गाडी खरंच दुरुस्त आहे. त्या दिवशी गॅसच्या बोलण्यावर शेवटी प्रफुल्लभाऊंनी फोन हातात घेऊन एवढं कबूल केलं, की दोघं पुन्हा येतात, पांढुर्ण्यापर्यंत गाडीत बसून पाहतात, अन् मग काय ते ठरवतात. गुरुवारी येतो म्हणाले.

तुझीच,
डोळे लावून बसलेली आजी