आधी धाकट्याने बोलायचं

प्रिय बाबा,

रविवारी सगळ्यांना बोलावून माझ्या लग्नाचा निकाल लावणार आहात, असं आईने फोनवर सांगितलं. मी निवडलेला मुलगा जनावरांचा डॉक्टर, तेही एक वेळ चालेल. पण माझ्याहून तीन वर्षांनी लहान म्हणजे तुमच्या लेखी घोर अपराध! असो, आधी माझी बातमी ऐका.

परवा मी लष्करी न्यायालयात सदस्य म्हणून बसले, पहिल्यांदाच! आरोपी पहाऱ्यावरचा जवान. शेजारच्या लाँड्रीला आग लागली तेव्हा फाटकाला कुलूप ठोकून हा धावला आणि लाँड्रीतल्या म्हाताऱ्या इस्त्रीवाल्याला याने खांद्यावर टाकून बाहेर आणलं. पण पहारा सोडला तो सोडलाच. तुम्ही नेहमी विचारता, सैनिकांना वेगळा कायदा कशाला? अहो, तुमच्या शाळेचा पहारेकरी जागेवरून उठला तर फार तर तुमचा ओरडा खाईल. आमचा उठला तर झोपलेली अख्खी छावणी जिवाला मुकेल. म्हणून कायदा कडक. पण तो संसदेने केलेला आहे, कुणा साहेबाच्या लहरीवर चालत नाही. आरोपीला वकील मिळतो आणि त्याचं म्हणणं पूर्ण ऐकावंच लागतं.

खरी गंमत पुढेच. दार लावून आम्ही मत द्यायला बसलो. मला वाटलं, आता मोठे साहेब बोलणार आणि आपण मान डोलावणार, घरची सवयच ना! तर ते खुर्चीत मागे टेकून माझ्याकडेच बघायला लागले. नियमच आहे: सगळ्यांत कनिष्ठाने आधी मत द्यायचं, वरिष्ठाने शेवटी. म्हणजे मोठ्यांच्या धाकाने कुणी आपलं मत गिळत नाही. माझी तर बोबडीच वळली! तरी बोलले. काय बोलले ते तुम्हालाही सांगणार नाही, शपथ घेतलीय. जवान सुटला एवढं मात्र जाहीर आहे. बाहेर त्याने असा काही सलाम ठोकला की हसता हसता मला रडूच फुटलं.

बाबा, आपल्याकडे तुम्ही नुसते खाकरलात की काका मान हलवतात, आत्या तुमचीच री ओढते, आई चहा टाकायला उठते, आणि शेंडेफळाची पाळी येईपर्यंत सगळं ठरून गेलेलं असतं. म्हणून हे पत्र. समोर बोलायची छाती झाली नाही. रविवारी एकदाच हा नियम पाळा ना: आधी मी, शेवटी तुम्ही. त्यालाही घेऊन येतेय. आरोपीला बाहेर ठेवून खटला चालत नाही. माझं मत आत्ताच सांगते, इथे कसली शपथ आड येत नाही: मला तोच हवाय. शेवटचा शब्द तुमचाच. पण बाबा, तो 'हो' असावा असं फार फार वाटतं.

तुमचीच,
या वेळी सगळ्यांत आधी बोललेली
धाकटी